पांढरा साका आणि न दिसणारे फ्लोराइड

(भाषणाचा मजकूर)



सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावणारी वैनगंगा बालाघाट जिल्ह्यातून वाहत येऊन पुढे महाराष्ट्रात प्रवेश करते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बालाघाट, भंडारा आणि नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने कारभाराची सीमा बदलली; परंतु भूमीखालचा खडक, त्यातून झिरपणारे पाणी आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून बोलली जाणारी मराठी यांनी ती सीमा फारशी मनावर घेतलेली नाही. लांजी, किरनापूर वा वारासिवनीच्या शाळेतील मुले हिंदी पुस्तकातून ज्याला 'अवक्षेप' म्हणतात, त्यालाच तुमसर-गोंदियाच्या शाळेतील मराठी पुस्तक कोठे अवक्षेप तर कोठे 'साका' म्हणते. दोन निवळ द्रावणे एकत्र येताच जो न विरघळणारा पदार्थ तयार होऊन तळाशी बसतो, तो साका. या साक्यावरून पाण्यातील काही क्षार ओळखता येतात, आणि एक क्षार मुळीच ओळखता येत नाही. न ओळखता येणारा हा क्षारच गावकऱ्यांच्या दातांशी व हाडांशी निगडित असल्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतील हा विषय पाणवठ्यापर्यंत नेणे अगत्याचे झाले आहे.

फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही चार मूलद्रव्ये एका कुटुंबातील होत. ग्रीक भाषेतील मूळ अर्थाप्रमाणे त्यांना हॅलोजन, म्हणजे लवण निर्माण करणारी, असे नाव आहे. क्लोरिन सोडियमशी संयोग पावला की रोजच्या जेवणातील मीठ तयार होते. पाण्यात विरघळलेल्या स्थितीत ही मूलद्रव्ये ऋण विद्युतभार धारण करून वावरतात; त्यांना फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड, आणि एकत्रितपणे हॅलाइड आयन म्हणतात. पाण्यातील हॅलाइड डोळ्यांस दिसत नाही. त्याला डोळ्यांसमोर आणण्याचे काम रौप्य, अर्थात चांदी करते.

प्रयोग साधा आहे. परीक्षानळीत तपासावयाचे पाणी घ्यावे, त्यात विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाकावेत आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. पाण्यात क्लोराइड असेल तर विरजलेल्या दुधासारखा पांढरा साका येतो. ब्रोमाइड असेल तर साका किंचित पिवळसर, सायीच्या रंगाचा येतो. आयोडाइड असेल तर स्पष्ट पिवळा. दिव्याच्या उजेडात पांढरा व सायीचा रंग यांत भेद करणे अनुभवी शिक्षकांनाही जड जाते. म्हणून अमोनियाची साक्ष काढावी लागते. क्लोराइडचा साका विरल अमोनियात विरघळून नळी पुन्हा निवळ होते; ब्रोमाइडचा साका विरल अमोनियाला फारशी दाद देत नाही, पण संहत अमोनियात विरघळतो; आयोडाइडचा साका दोहोंतही तसाच राहतो. चांदीला क्लोराइडपेक्षा ब्रोमाइड घट्ट धरून ठेवते आणि ब्रोमाइडपेक्षाही आयोडाइड. अमोनिया चांदीला आपल्याकडे ओढू पाहतो, आणि ही पकड जितकी घट्ट तितकी त्याची ओढ निष्फळ ठरते. परीक्षेत विद्यार्थी रंग पाठ करून येतात. पकडीचे हे तत्त्व समजले तर रंग पाठ करण्याचे श्रम पुष्कळसे वाचतील.

आम्ल आधी का घालावयाचे, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो. विहिरीच्या पाण्यात कार्बोनेटही असू शकते, आणि कार्बोनेटचाही चांदीशी फिकट साका बनतो. नायट्रिक आम्ल कार्बोनेटला वायुरूपाने घालवून देते व संशयास जागा उरत नाही. या कामी हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र वापरू नये. कारण त्यात स्वतःच क्लोराइड असते. त्याच्या उपयोगाने साका येणारच, आणि तो पाण्याचा नसून आम्लाचा असेल. अशीच फसगत नळीच्या बाबतीत होते. शाळेतील नळ्या नळाच्या वा विहिरीच्या पाण्याने धुतल्या जातात, आणि त्या पाण्यात थोडेफार क्लोराइड असतेच. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात तर त्याची आणखी भर पडते. सिल्व्हर क्लोराइड इतके अल्प विद्राव्य आहे की एक लिटर पाण्यात त्याचे सुमारे २ मिलिग्रॅमच विरघळू शकते. त्यामुळे नळीच्या काठावर राहिलेला धुण्याच्या पाण्याचा थेंबसुद्धा द्रावण धुरकट करू शकतो. यास्तव शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याचे असावे, आणि नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यावर तोच प्रयोग करून एक कोरी नळी शेजारी ठेवावी. सिल्व्हर नायट्रेट महाग असते, कातडीवर काळे डाग पाडते आणि प्रकाशाने बिघडते. ते तपकिरी बाटलीत ठेवावे, आणि प्रयोगानंतरचा चांदीयुक्त गाळ मोरीत न ओतता एका भांड्यात साठवावा.

चांदीच्या या क्षारांचे प्रकाशाशी असलेले नाते जुने आहे. पांढरे सिल्व्हर क्लोराइड उन्हात ठेवले असता जांभळट करडे पडते. अठराव्या शतकात स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी या गुणाचा अभ्यास केला, आणि पुढे सिल्व्हर ब्रोमाइडच्या थरावर छायाचित्रणाची सारी कला उभी राहिली. लग्नसमारंभाचे काळे-पांढरे छायाचित्र ज्यांच्या घरात अजून जपून ठेवलेले आहे, त्यांच्याकडे हॅलाइड आयनाने केलेल्या कामाचा एक नमुना भिंतीवर टांगलेला आहे असे समजण्यास हरकत नाही.

पाण्याच्या तपासणीत क्लोराइडच्या चाचणीचे महत्त्व मोठे आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध असलेला भाग आहे. तेथील पाण्याचा खारेपणा जिभेलाच कळतो, चाचणीची गरज केवळ मोजमापापुरती. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे ठरलेले आहे. हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचेच द्रावण वापरतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मोर यांच्या पद्धतीत पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब घालतात. सर्व क्लोराइड संपले की पिवळे द्रावण एकाएकी विटकरी छटा धारण करते. शेजारच्या विहिरींत क्लोराइड कमी असून एकाच विहिरीत ते अचानक वाढलेले आढळले, तर त्या विहिरीत सांडपाणी वा शौचखड्ड्याचे पाणी झिरपत असण्याची शक्यता धरून जंतूंचीही तपासणी करवून घ्यावी. क्लोराइडचा पांढरा साका अशा प्रसंगी मोलाची सूचना देतो.

आयोडाइडबाबत एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. आयोडिनयुक्त मिठात आयोडिन आहे किंवा नाही हे सिल्व्हर नायट्रेटने पाहू गेल्यास फक्त पांढरा साकाच दिसेल. एक किलो मिठात ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन असावे असा नियम आहे. मिठातील क्लोराइडच्या ढिगात त्याचा मागमूस लागत नाही. शिवाय आपल्या देशात मिठात घालतात ते आयोडाइड नसून पोटॅशियम आयोडेट असते. त्याची तपासणी स्टार्चयुक्त द्रावणाच्या थेंबाने करतात, आणि मीठ निळे-जांभळे झाले की आयोडिन असल्याचे कळते.

आता या कुटुंबातील चौथ्या सदस्याकडे वळावे. परीक्षानळीत फ्लोराइडचे द्रावण घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घातले तर काय होते? काहीच होत नाही. द्रावण जसे निवळ होते तसेच राहते. सिल्व्हर क्लोराइड लिटरभर पाण्यात २ मिलिग्रॅम विरघळते, तर सिल्व्हर फ्लोराइड तेवढ्याच पाण्यात दीड किलोहून अधिक विरघळते. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत सांगितलेली असते आणि विद्यार्थी ती ओळ ओलांडून पुढे जातात. परंतु चार हॅलाइडांपैकी ज्याच्या अतिरेकाने या देशातील गावेच्या गावे पंगू झाली तो हॅलाइड नेमका हाच आहे, आणि शाळेत शिकवली जाणारी मुख्य चाचणी त्याच्याविषयी संपूर्ण मौन पाळते. पांढरा साका आला नाही म्हणून पाणी निर्दोष आहे, असे कोणी मानले तर त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही; त्याला ही मर्यादा ठळकपणे कोणी सांगितलेली नसते.

यावर एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल की चांदी नसली तरी कॅल्शियम आहे. फ्लोराइडच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड घातल्यास कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा साका येतो. हे खरे आहे. परंतु येथे आकडे पाहिले पाहिजेत. कॅल्शियम फ्लोराइड लिटरभर पाण्यात सुमारे १६ मिलिग्रॅम विरघळते आणि त्यापैकी फ्लोराइडचा भाग सुमारे ८ मिलिग्रॅम असतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपलीकडे जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे ३ वा ४ मिलिग्रॅम फ्लोराइडचे पाणी, जे वर्षानुवर्षे प्याल्याने मुलांचे दात निश्चित बिघडतील, त्यात कॅल्शियमचे थोडे थेंब टाकून साक्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

गंमत अशी की परीक्षानळीत आपल्याला जे साधत नाही, ते खडकाच्या पोटात अखंड चालू असते. ग्रॅनाइट व नाइस या जातींच्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. गोंदिया जिल्ह्यातील आमगावच्या नावाने भूगर्भशास्त्रात ओळखला जाणारा नाइस आणि बालाघाटमधील मलाजखंडचा ग्रॅनाइट हे याच प्रकारचे प्राचीन खडक होत. त्यांच्या भेगांतून पाणी दीर्घकाळ हिंडले की फ्लोराइड त्यात उतरू लागते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला पकडून काही अंशी साक्याच्या रूपाने पुन्हा खडकात बसवते. उलट पाण्यात सोडियम व बायकार्बोनेट अधिक आणि कॅल्शियम कमी असेल, तर फ्लोराइडला अडवणारा कोणी उरत नाही.

या ठिकाणी गृहिणींची जुनी परीक्षा धोका देऊ शकते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो ते पाणी चांगले, असे घरोघरी मानले जाते. हे पाणी मृदू असते, म्हणजे त्यात कॅल्शियम कमी असते. स्वयंपाकाला ते सोयीचे, यात शंका नाही. परंतु खोल विंधण विहिरीचे पाणी इतके मृदू असेल तर त्याची फ्लोराइडसाठी तपासणी आधी करावी. सर्वच मृदू पाणी सदोष असते असा याचा अर्थ नव्हे. पावसाचे पाणी सर्वांत मृदू असते आणि त्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. ते उकळून जात नाही; उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

पूर्वी या भागातील लोक तलाव, बोड्या, नदी आणि उथळ विहिरी यांचे पाणी पीत. त्यात फ्लोराइड सहसा कमी असे, परंतु पटकी, हगवण आणि नारू यांचे वास्तव्यही त्याच पाण्यात असे. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर खडक भेदून विंधण विहिरी घेण्याचे काम देशभर वेगाने सुरू झाले आणि १९७० च्या दशकात तयार झालेला इंडिया मार्क दोन हातपंप गावोगावी उभा राहिला. त्या पंपाने लक्षावधी कुटुंबांना जंतुरहित पाणी दिले. नारूचा देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या यशात सुरक्षित पाण्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा हातपंपाला दोष देणे अन्यायाचे होईल. खोल खडकातील पाणी वर आणताना त्यातील फ्लोराइडही काही ठिकाणी वर आले, एवढेच.

भारतात फ्लोराइडमुळे होणाऱ्या हाडांच्या विकाराची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. बालाघाटच्या परिसरात पाहावयाचे तर शेजारच्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या गावाचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९९० च्या दशकात तेथे लहान मुलांचे गुडघे आत वळलेले आणि पाय वाकडे झालेले आढळले; शोध घेता कारण हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइड निघाले. सिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांतही अशी गावे आहेत. महाराष्ट्राच्या बाजूने चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांचा अनुभव याहून वेगळा नाही. फ्लोराइडचे प्रमाण पंपागणिक बदलते. एका मोहल्ल्यातील पंप निर्दोष आणि दोनशे पावलांवरील पंप सदोष, असेही आढळते. म्हणून शेजारच्या गावाचा अहवाल आपल्या गावाला लागू करता येत नाही, आणि आपल्या जिल्ह्याचे नाव एखाद्या यादीत नाही यावरूनही निर्धास्त राहता येत नाही.

शिक्षकांना हा विकार वर्गातच दिसू शकतो. कायमच्या दातांचे कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असते. त्या काळात फ्लोराइड अधिक गेले तर दातांवर आडवे खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे पिवळे-तपकिरी डाग येतात. ते दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात आणि घासून जात नाहीत. अशा मुलांना दात न घासल्याबद्दल रागावले जाते. मुलींच्या लग्नाच्या वेळी याच डागांची चर्चा होते. मोठ्या माणसांची मान, कंबर व गुडघे आखडतात आणि तो वात समजून वर्षानुवर्षे तेल चोळले जाते. एकदा आलेले डाग पाणी बदलल्याने जात नाहीत, परंतु धाकट्या भावंडांचे दात वाचवता येतात. वर्गात अनेक मुलांच्या दातांवर असे पट्टे दिसल्यास शिक्षकांनी त्या मुलांच्या घरचा पाणवठा कोणता याची नोंद करून ती आरोग्य केंद्रास व पाणीपुरवठा विभागास कळवावी.

फ्लोराइडची खरी चाचणी साक्याची नसून रंगाची आहे. झिर्कोनियम हा धातू काही रंगद्रव्यांशी जोडला जाऊन लाल रंग देतो. पाण्यात फ्लोराइड असेल तर ते झिर्कोनियमला रंगद्रव्यापासून ओढून घेते आणि लाल रंग फिका होत पिवळ्याकडे झुकतो. चांदी-अमोनियाच्या प्रयोगातील पकडीचेच तत्त्व येथेही लागू आहे, फक्त पात्रे बदलली. क्षेत्रीय तपासणी संचात याच धर्तीवर रंगांचा तक्ता दिलेला असतो. जल जीवन मिशनच्या अंतर्गत २०१९ नंतर प्रत्येक गावातील पाच महिलांना असा संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संचाने संशय दाखवला तर अंतिम निर्णय प्रयोगशाळेचा मानावा. विज्ञानाच्या शिक्षकांनी या महिलांना शाळेत बोलावून मुलांसमोर दोन्ही चाचण्या शेजारीशेजारी करून दाखवल्यास 'साका न येणे' म्हणजे काय, याचा अर्थ एका तासिकेत उमगेल.

पाणी सदोष निघाल्यास पहिला उपाय दुसरा स्रोत शोधणे हाच. उथळ विहीर असेल तर ती स्वच्छ करून, ब्लीचिंग पावडरने शुद्ध करून पिण्यासाठी राखावी. सदोष पंप धुण्याभांड्यांसाठी चालू ठेवता येतो, मात्र त्यावर सर्वांना समजेल अशी खूण असावी. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, अर्थात नीरीने, १९७० च्या दशकात नलगोंडा तंत्र विकसित केले. त्यात पाण्यात चुना, तुरटी व ब्लीचिंग पावडर ठरावीक प्रमाणात मिसळून ढवळतात. गाळ खाली बसताना फ्लोराइडला बरोबर घेऊन जातो. येथे साका पुन्हा कामी येतो. परंतु तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराइड व क्षारता मोजून ठरवावी लागते; अंदाजाने तुरटी टाकून पाणी प्यावयाचे नाही. आहारातील कॅल्शियम व जीवनसत्त्व क यांचाही उपयोग होतो. मंडला भागात संशोधकांनी या कामी शेताच्या बांधावर पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या तरोट्याच्या भाजीची शिफारस केली, कारण तिच्यात कॅल्शियम चांगले असते. शेवगा व आवळा हेही त्याच पंक्तीतले.

नमुना प्रयोगशाळेकडे पाठवताना काही पथ्ये पाळावीत. पंप आधी काही मिनिटे चालवून साचलेले पाणी जाऊ द्यावे. बाटली प्लॅस्टिकची घ्यावी, काचेची नको; कारण फ्लोराइडचा काचेशी संबंध येऊ न देणे चांगले. त्याच पाण्याने ती तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी. चिठ्ठीवर गाव, मोहल्ला, पंपाचा क्रमांक असल्यास तो, विहिरीची खोली आणि दिनांक लिहावा. एक नमुना मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, आणि दुसरा दिवाळीच्या सुमारास घ्यावा. दोन्ही अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर गावकऱ्यांना वाचता येतील अशा अक्षरांत लावावेत, आणि बालाघाटच्या ज्या गावांत हिंदी व मराठी दोन्ही बोलल्या जातात तेथे दोन्ही भाषांत.